काचेतून हाक जाते

टेबलावर दोन कडी ठेवली आहेत. रॉकेटची नळी मापात कापल्यावर जो तुकडा उरतो, तेच हे. बांगडीसारखी गोल, पण व्यास दहा सेंटिमीटरचा आणि जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. एक कडं फिकट हिरवट आहे. खिडकीसमोर धरून त्याच्यामागे बोट नेलं की बोटाची सावली दिसते. दुसरं काळंभोर. उन्हात फिरवलं की त्यावर चटईच्या विणीसारखे चौकोन चमकून जातात, पण पलीकडचं तसूभरही दिसत नाही.

पहिलं काचेचं आहे आणि दुसरं कोळशाचं. हा अलंकार नाही, पदार्थच तसे आहेत. हातातून निसटली की शंभर तुकडे होणारी काच आणि बोटांनी चुरता येणारा कोळसा. या दोहोंपासून माणसं घरच्या गॅरेजमध्ये आवाजापेक्षा वेगाने जाणारी रॉकेटं बांधतात आणि किट यातलं घ्यावं की त्यातलं, यावर तासन्‌तास वाद घालतात. मी या वादात शिरलो तो ‘जास्त मजबूत कोण’ हे शोधायला. उत्तर सापडलं ते मात्र मजबुतीत नव्हतं, पदार्थाच्या आतल्या इलेक्ट्रॉनांमध्ये होतं.

हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे बुटांचे दुकानदार होते. त्यांनी १९५४ साली पहिलं मॉडेल रॉकेट बनवलं. १९५७ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ स्थापन झाली. तेव्हाची रॉकेटं पुठ्ठ्याची आणि वीतभर उंचीची होती. मोटरची ताकद इंग्रजी अक्षरांनी सांगायची पद्धत पडली: ए, बी, सी. प्रत्येक पुढचं अक्षर म्हणजे आधीच्या दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे मांडायची गोष्ट आठवा, म्हणजे ही दुप्पट कुठवर जाते ते कळेल. ए मोटरची कमाल मर्यादा अडीच न्यूटन-सेकंद (जोर गुणिले वेळ). एच म्हणजे १६० ते ३२०. एमपर्यंत पोचलात की १०,२४०, म्हणजे एच्या ४,०९६ पट. एचपासून पुढचं सगळं ‘हाय-पॉवर’. ते उडवायला परवान्याच्या पायऱ्या आहेत: पहिलीत एच आणि आय, दुसरीत जे, के, एल, तिसरीत एम आणि त्यावरचं सगळं.

पायरी चढायची अट मात्र फार सुंदर आहे. रॉकेट नुसतं वर गेलं म्हणजे पास नाही. ते पॅराशूटने खाली यायला हवं आणि पुन्हा उडवता येईल अशा धडधाकट अवस्थेत तपासणाऱ्याच्या हातात ठेवता यायला हवं. हरवलेलं रॉकेट कितीही उंच गेलेलं असो, नापास. ही अट लक्षात राहू द्या. दोन कड्यांचा निकाल तिथेच लागणार आहे.

आधी काचेकडे जाऊ, कारण मला या सगळ्यात सर्वांत जास्त थक्क करते ती काच.

काचेवाला खिडकीची काच कशी तोडतो ते पाहिलंय? हिऱ्याच्या कलमाने एक बारीक ओरखडा काढतो, टेबलाच्या कडेवर ठेवतो, हलकेच दाबतो, आणि काच त्या रेघेवरून सुतासारखी दुभंगते. काच कमकुवत नसते, तिला ओरखडा सोसत नाही. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या विमान-संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ नावाचे अभियंते होते. त्यांनी काच तापवून तिचे बारीक बारीक धागे ओढले आणि ते तोडून पाहिले. धागा जितका बारीक, तितका तो जाडीच्या मानाने बळकट निघाला. अगदी सूक्ष्म धागे जाड कांडीच्या वीसेक पट ताण सोसत होते! १९२१ साली त्यांनी कारण मांडलं. पदार्थ तुटतो तो त्याच्या अंगावरच्या सूक्ष्म भेगांमुळे. धागाच जर केसापेक्षा बारीक असेल, तर त्यावर मोठी भेग मावायला जागाच उरत नाही. काचेचा ठिसूळपणा असा नुसत्या बारीकपणाने हटतो. आपल्या केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन, काचेच्या धाग्याची दहा ते वीस. असा ताजा, निर्दोष धागा बांधकामाच्या लोखंडी सळईपेक्षा सुमारे सहापट ओढ सहन करतो.

हे धागे ढिगाने बनवायची युक्ती १९३२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अपघातानेच हाती लागली. डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या ठोकळ्यांवर काम करत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाच्या हवेचा झोत पडला आणि काचेची लोकर उडाली. आज कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीला निघालेली फायबरची होडी, गच्चीवरची फायबरची टाकी, मंडळाचा फायबरचा गणपती हे सगळं त्याच काचेच्या धाग्यांचं गोत. आपण सरळ ‘फायबर’ म्हणतो आणि त्यात काच आहे हे विसरून जातो.

धागा एकटा काही कामाचा नाही, त्याला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. कुडाच्या भिंतीत कारव्या ओढ सोसतात आणि शेणमाती त्यांना जागेवर धरते. इथे काचेचे धागे म्हणजे कारव्या आणि एपॉक्सी म्हणजे शेणमाती. बांबू तरी दुसरं काय आहे? लांब चिवट धागे आणि त्यांना जोडणारा नैसर्गिक डिंक. रॉकेटच्या नळीत हे धागे साच्यावर तिरके गुंडाळतात, सूत गुंडीवर चढवावं तसे. पंख मात्र सपाट पत्र्यातून कापतात. हा पत्रा म्हणजे आपल्या संगणकातल्या सर्किट बोर्डाचाच सख्खा भाऊ. जुना बोर्ड उघडून त्याची कड निरखली तर तीच फिकट हिरवट काच दिसेल.

आता काळं कडं. कोळशाचा धागा ही कल्पना नवी नाही. १८८० मध्ये एडिसनने बांबूचे तंतू जाळून कोळसा केले आणि ते दिव्यात बाराशे तासांहून जास्त जळत राहिले. पण ते ताठ नव्हते, बळकटही नव्हते. १९५८ मध्ये, पुन्हा त्याच ओहायोत, रॉजर बेकन कार्बन प्रचंड दाबाखाली वितळवू पाहत होते. त्यांना भांड्यात मिशांसारखे सूक्ष्म केस उगवलेले दिसले, ग्रॅफाइटचे, पोलादालाही लाजवतील इतके बळकट. पुढे जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि इंग्लंडमध्ये पुन्हा त्याच फार्नबरोच्या केंद्रातल्या मंडळींनी एका कृत्रिम धाग्यापासून कार्बनचा धागा करायची वाट रुळवली. ॲक्रिलिकच्या स्वेटरची जी लोकर, तिचाच हा भाऊबंद. आधी तो दोन-तीनशे अंशांवर हवेत भाजतात. मग हवा काढून हजार-दीड हजार अंशांवर तापवतात. बाकी सगळं वायू होऊन निघून जातं आणि कार्बन तेवढा मागे राहतो, तोही शिस्तीत, धाग्याच्या लांबीला समांतर. जाडी पाच ते सात मायक्रॉन. स्वेटरचं सूत भट्टीत घालावं आणि विमानाचा पंख बाहेर यावा, असा हा प्रकार आहे.

मग दोघांत मजबूत कोण? हा प्रश्न मराठीत नीट विचारता येतो, कारण आपल्याकडे त्यासाठी तीन वेगळे शब्द आहेत: ताठ, बळकट आणि चिवट. लोखंडाची सळई बळकट, वेत चिवट, काचेची पट्टी ताठ. कार्बनचा धागा काचेपेक्षा तिपटीने ताठ आहे, म्हणजे तेवढ्याच भाराखाली एक तृतीयांश ताणला जातो. बळकटीतही तो थोडा पुढे आहे आणि वजनाला हलका: पाण्याच्या १.८ पट जड, काच २.६ पट. पण चिवटपणात काच जिंकते. तुटण्याआधी काचेचा धागा साडेचार टक्क्यांच्या आसपास ताणला जातो. कार्बनचा दीड-दोन टक्क्यांतच ‘कट्’ करून संपतो. पॅराशूट अर्धवट उघडून रॉकेट जोरात आपटलं तर काचेची नळी बहुधा पांढुरका व्रण घेऊन उठते. कार्बनची फुटते तेव्हा कुसळं बाहेर काढून फुटते.

हलकेपणाचा मोह मात्र मोठा असतो, म्हणून हिशोबच मांडू. दहा सेंटिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटरहून किंचित जाड भिंतीची, १२० सेंटिमीटर लांबीची नळी घ्या. एपॉक्सी धरून ती काचेची सुमारे १.१ किलो भरते. तेवढ्याच जाडीची कार्बनची ९०० ग्रॅमच्या वर. फरक दोनशे ग्रॅमांचा, पाण्याच्या एका पेल्याएवढा. कार्बनला भिंत पातळ ठेवता येते, तेव्हा फरक वाढतो, हे खरं. पण किंमत कित्येक पट वाढवून हातात येतो तो असा पेलाभर फायदा.

आणि हलकं म्हणजे उंच हेही नेहमी खरं नसतं, हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो. मोटर काही सेकंदांत जळून संपते. त्यानंतरचा बहुतेक चढ रॉकेट नुसत्या मिळालेल्या वेगावर चढतं. प्लास्टिकचा चेंडू आणि सीझनचा चेंडू एकाच वेगाने फेकून बघा. प्लास्टिकचा पंधरा पावलांवर मान टाकतो, सीझनचा सीमारेषा गाठतो. आकार तोच, हवेचा अडथळा तोच, पण जडाला थांबवायला हवेला जास्त वेळ लागतो. रॉकेटचंही तसंच. छोट्या बारीक रॉकेटात दांडगी मोटर घातली तर ठरावीक वजनाखाली गेल्यावर ते उलट कमी उंच जातं. काही जण अशा वेळी नाकात मुद्दाम वजन भरतात. कार्बनवर पैसे खर्चून हलकं केलेलं रॉकेट मग शिसं घालून जड करायचं!

कार्बनची खरी जागा दुसरीकडे आहे, आणि तिथे त्याला तोड नाही. ती जागा म्हणजे पंख.

शाळेत बाकाच्या कडेला पट्टी दाबून टिचकी मारल्यावर ‘टर्र’ आवाज यायचा, आठवतंय? रॉकेटचा पंख म्हणजे अशीच एका कडेने धरलेली पट्टी, फक्त टिचकी मारणारी हवा थांबत नाही. वेग वाढत जातो. एका ठरावीक वेगाला पंखाची थरथर आणि हवेचा रेटा यांचा ताल जुळतो. मग प्रत्येक झोक्याला हवा त्यात भर घालते, झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या क्षणी ढकलावं तशी. डोळ्याची पापणी लवायच्या आत पंख उपटून जातो. पंख गेला की रॉकेटला दिशा राहत नाही. ते आडवं फिरतं आणि हवाच त्याच्या चिंध्या करते. छंदिष्ट याला ‘श्रेड’ म्हणतात. वर आकाशात एक पांढरा ठिपका नीट चाललेला असतो आणि अचानक त्याच जागी कपचे तरंगताना दिसतात.

याला औषध एकच, ताठपणा. विणलेल्या कार्बनचा पत्रा काचेच्या पत्र्याच्या साधारण तिप्पट ताठ असतो. पण इथे भूमिती काचेच्या मदतीला येते. पत्र्याचा वाकण्याला विरोध जाडीच्या घनाने वाढतो: जाडी दुप्पट, तर ताठपणा आठपट. म्हणून तीन मिलिमीटर कार्बनची बरोबरी काच साधारण ४.३ मिलिमीटरमध्ये करते. वजन पावणेदोन पट होतं, कडही जाड होते, पण काम भागतं. आवाजाच्या दीडपट वेगापर्यंत नीट मापाचे काचेचे पंख सहसा पुरतात. दुप्पट-तिप्पट वेगाची भाषा सुरू झाली की जाडी परवडत नाही. पंख पात्यासारखे पातळ हवेत, शिवाय ताठही हवेत. तिथे कार्बनच लागतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ‘ट्रॅव्हलर फोर’ शंभर किलोमीटरच्या वर नेलं. २०२४ मध्ये ‘आफ्टरशॉक टू’ सुमारे १४३ किलोमीटरवर पोचवलं. ही दोन्ही कार्बनच्या राज्यातली रॉकेटं.

उष्णतेपुरतं म्हणाल तर दोघे एकाच बोटीत आहेत. धागे हजार अंश पाहून आलेले असतात, पण त्यांना धरणारा एपॉक्सी तसा नसतो. घरच्या हवेत सुकवलेला एपॉक्सी पन्नास-साठ अंशांनंतर नरम पडायला लागतो. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाताना नाकाच्या टोकावर दबलेली हवा जमिनीलगत २४० अंशांच्या पुढे तापते. रॉकेट वाचतं ते तो वेग काही क्षणांचाच असतो म्हणून.

आता मघाची अट. रॉकेट परत हातात यायला हवं.

नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात एकदा मनाने उभे राहा. हा एका प्राचीन सरोवराचा सुकलेला तळ आहे, इतका सपाट की १९९७ मध्ये ‘थ्रस्ट एसएससी’ ही मोटार इथेच ताशी १,२२८ किलोमीटर धावली आणि जमिनीवरून आवाजाचा वेग ओलांडणारी पहिली गाडी ठरली. चहूकडे तडकलेला पांढुरका गाळ, झाड नाही, सावली नाही. रॉकेट सुटतं, दोन सेकंदांत सुईएवढं होतं आणि मग दिसतच नाही. तीन किलोमीटर उंचीवर लहान पॅराशूट उघडून ते सेकंदाला वीस-पंचवीस मीटरने उतरू लागलं, तरी दोन मिनिटं हवेतच असतं. वारा सेकंदाला आठ मीटरचा असेल तर तेवढ्यात ते किलोमीटरभर वाहून गेलेलं असतं. दहा किलोमीटर उंचीवरून आलं तर विचारूच नका. नुसत्या डोळ्यांनी शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. म्हणून आत एक छोटा ट्रॅकर ठेवतात. तो २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांचे अतिक्षीण संदेश ऐकून आपली जागा ठरवतो आणि रेडिओवरून खाली सांगत राहतो: मी इथे आहे, मी इथे आहे.

काळ्या नळीत ठेवलेल्या ट्रॅकरला उपग्रह ऐकू येत नाहीत. आणि त्याने दिलेली हाक बाहेर जात नाही.

कारण समजून घ्या, कारण या सगळ्या विषयाचा प्राण तिथे आहे. कार्बनच्या अणूला चार हात. धाग्यात हे अणू मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनांत बसतात आणि प्रत्येक अणू तीन हातांनी तीन शेजाऱ्यांना घट्ट धरतो. ही पकड निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक. धाग्याचा सगळा ताठपणा तिचाच. पण चौथ्या हाताला धरायला कुणी नाही. त्याचा इलेक्ट्रॉन मोकळा होऊन सगळ्या जाळीवर भटकतो. मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे वीजवाहक पदार्थ. तांब्याच्या मानाने हजारेक पटीने कमी, पण रेडिओलहरींना अडवायला तेवढं पुष्कळ झालं. लहर येते, हे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलतात आणि तिला परतवतात किंवा गिळतात. काचेत उलट आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन आपापले सगळे इलेक्ट्रॉन मुठीत आवळून बसलेले. भटका कुणीच नाही. लहर जणू काही मध्ये नाहीच अशी आरपार निघून जाते. फायबरग्लासमधल्या काचेच्या जातीला ‘ई-ग्लास’ म्हणतात. ते ‘ई’ इलेक्ट्रिकलचं, कारण ती मुळात विजेला रोखणारी म्हणून घडवली होती. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या रडारवर फायबरग्लासचे घुमट बसवले तेही याचसाठी. वारापाऊस बाहेर राहतो, लहर ये-जा करते.

म्हणजे ज्या अणुरचनेने कार्बनला इतकं ताठ केलं, तिनेच त्याला बहिरं आणि मुकं केलं. एक घ्यायचं आणि दुसरं नाकारायचं, अशी सोय तिथे नाही.

पडताळा घरातच घेता येतो. छोटा ट्रान्झिस्टर चालू करून पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमध्ये सगळीकडून नीट गुंडाळा. गाणं जाऊन खरखर उरेल. मग तोच जाड प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवा. गाणं चालू.

बांधणारे यावर तोडगा काढतात. खालची नळी आणि पंख कार्बनचे, नाक काचेचं, आणि ट्रॅकर नाकात. कार्बनच्या अनेक किटांत नाक काचेचंच येतं ते उगीच नव्हे. मात्र नाकाच्या आतली दांडी, वजनाचं शिसं आणि ॲल्युमिनियमचं टोक यांच्या गर्दीत अँटेना चेपली गेली तर काचेचाही उपयोग नाही. तिला मोकळी जागा लागते.

कामाला बसताना एक काळजी दोन्हींत घ्यावी लागते. काचेची भुकटी अंगाला लागली की खाजकुयली परवडली असं होतं. कार्बनची भुकटी वर वीजवाहक असल्याने उघड्या सर्किटवर बसून घोटाळा करू शकते. दोन्ही फुप्फुसात जाता कामा नये. घासायचं ते पाणी लावून, मास्क बांधून, आणि स्वयंपाकघरापासून लांब.

आपल्या घरातली कितीतरी मुलं आज अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या रॉकेट क्लबांत आहेत, आणि भारतातले विद्यार्थी-संघही तिकडच्या स्पर्धांना आपली रॉकेटं घेऊन जातात. त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीचं किट फायबरग्लासचंच घ्या. ते चिवट आहे, पडलं तर उठतं, स्वस्त आहे आणि त्यातून हाक बाहेर जाते. कार्बनचा खर्च राखून ठेवा तो आवाजाच्या दुप्पट वेगाला जाल तेव्हाच्या पंखांसाठी. आणि किट कुठलंही असो, उडवायच्या आदल्या दिवशी ट्रॅकर आत बसवा, रॉकेट पूर्ण जोडून अंगणात उभं करा, हातात रिसीव्हर घ्या आणि किलोमीटरभर चालत जा. तिथे त्याचा आवाज येत नसेल, तर दुसऱ्या दिवशी ते उडवू नका.